सोयऱ्यांची रणभूमी

मलकापूर सोडून मोताळ्याच्या वाटेने दक्षिणेकडे निघाले म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील काळीभोर, सपाट, कापसाने भरलेली जमीन मागे पडू लागते आणि समोरच्या क्षितिजावर अजिंठ्याच्या डोंगराची निळसर रेघ हळूहळू उंच होत जाते. या डोंगराच्या पायथ्याच्या मुलुखास जुन्या दफ्तरांत पयनघाट आणि माथ्यावरच्या मुलुखास बालाघाट म्हटले आहे. आजचा बुलढाणा जिल्हा या दोहोंवर पसरलेला असल्यामुळे त्याची सरहद्द शोधण्यास नकाशा लागत नाही, ती जिल्ह्याच्या अंगावरूनच गेलेली दिसते. डोंगराच्या अलीकडे खानदेश, पलीकडे गोदावरीकाठचा मराठवाडा, पूर्वेस वऱ्हाडाचा उरलेला भाग, अशा तीन मुलुखांच्या सांध्यावर हा प्रदेश बसलेला असून दौलताबाद, अहमदनगर, बऱ्हाणपूर आणि हैदराबाद येथील सत्ता जेव्हा जेव्हा एकमेकींवर उठल्या तेव्हा तेव्हा त्यांच्या फौजांना या घाटांतून वर चढावे वा खाली उतरावे लागले.

या प्रवासास निघालो तेव्हा पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात बसून मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून मराठीत आणलेल्या आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झालेल्या बायबलाचे वाचन माझ्याकडे चालू होते, आणि इस्राएल व मवाब या दोन शेजारी राष्ट्रांच्या वैराची कथा मनात ताजी होती. यहूदाच्या डोंगराळ मुलुखात उभे राहून पूर्वेकडे पाहणारास खाली क्षारसमुद्राची, म्हणजे मृत समुद्राची, खोल द्रोणी आणि तिच्या पलीकडे मवाबच्या पठाराची निळी कड दिसते, असे त्या प्रदेशाचे वर्णन वाचले होते. मोताळ्याच्या रस्त्यावरून समोरची निळी कड पाहताना ते वर्णन आठवणे अपरिहार्यच होते. परंतु पुढे जिल्हा फिरत गेलो तसे लक्षात आले की दोन्ही ठिकाणचे साम्य केवळ कडेकपारींपुरते नाही. मवाबच्या आर्नोन नदीच्या काठी जी रणे झाली आणि बुलढाण्याच्या घाटांत जी झाली, त्या दोन्हींत परका असा कोणीच नव्हता. ती सारी सोयऱ्याधायऱ्यांचीच रणे होती.

मवाबाचे लोक इस्राएलांचे कोण, हे उत्पत्तीच्या पुस्तकातच सांगितले आहे. अब्राहामाचा पुतण्या लोट, आकाशातून अग्नी व गंधक यांची वृष्टी होऊन सदोम नगर भस्मसात झाल्यावर, आपल्या दोन मुलींसह डोंगरातील एका गुहेत राहिला. तेथे पित्यापासूनच थोरल्या मुलीस झालेला पुत्र मवाब आणि धाकटीस झालेला बेन-अम्मी, आणि त्यांच्यापासून मवाबी व अम्मोनी ही राष्ट्रे झाली. ही उत्पत्तिकथा इस्राएलांनी सांगितलेली असल्यामुळे तीत शेजाऱ्याविषयीचा तुच्छभाव स्पष्ट आहे. तथापि तुच्छ लेखतानाही त्यांस नाते नाकारता आले नाही. पुढे मवाबचा राजा बालाक याने इस्राएलांस शाप देण्यासाठी बलाम या द्रष्ट्यास बोलाविले आणि त्याच्या मुखातून शापाऐवजी आशीर्वादच निघाला. एग्लोन राजाने इस्राएलांस १८ वर्षे अंकित ठेविले, तेव्हा डावखुऱ्या एहूदाने खंडणी पोचविण्याच्या निमित्ताने जाऊन त्याचा वध केला. दावीद शौल राजाच्या भीतीने रानोमाळ फिरत असता त्याने आपले म्हातारे आईबाप मवाबच्या राजाच्या आश्रयास ठेविले, आणि तोच दावीद राजा झाल्यावर त्याने हरविलेल्या मवाबी लोकांस जमिनीवर निजवून दोरीने मोजले व दोन दोऱ्यांचे लोक मारून एका दोरीचे जिवंत ठेविले. आश्रय आणि संहार एकाच पिढीत, एकाच पुरुषाच्या हातून व्हावेत, हे शेजाऱ्यांच्या वैरातच संभवते.

डोंगराच्या पायथ्याशी रोहिणखेड नावाचे गाव आहे. आज ते मोताळा तालुक्यातील एक साधे शेतकरी गाव वाटते, परंतु सोळाव्या शतकाच्या अखेरीस खुदावंदखान महदवी याने बांधविलेली येथील दगडी मशीद पाहिली म्हणजे घाटाच्या तोंडाशी असलेल्या या ठाण्याला एके काळी किती महत्त्व होते याची कल्पना येते. घाट चढणाऱ्या फौजेस येथे थांबून दम घ्यावा लागे, आणि घाट राखणाऱ्या फौजेस शत्रूला अडविण्यास याहून सोयीची जागा नव्हती. त्यामुळे इतिहासात नोंदलेल्या दोन मोठ्या लढाया या एका गावच्या शिवारात झाल्या.

पहिली १४३७ सालची. खानदेशचा सुलतान नसीरखान फारुकी याची कन्या बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहा याला दिली होती. सुलतानाने संगमेश्वरच्या राजाच्या कन्येशी विवाह करून तिच्यावर अधिक अनुराग ठेविला, तेव्हा थोरल्या बेगमेने माहेरी गाऱ्हाणे केले, आणि लेकीच्या अपमानाचा सूड घेण्यासाठी नसीरखानाने गुजरातच्या सुलतानाचे अनुमोदन मिळवून जावयाच्या वऱ्हाड सुभ्यावर स्वारी केली. खलिफा उमर फारुक याच्या वंशजाविरुद्ध लढणे पाप आहे असे मानून वऱ्हाडातील कित्येक सरदार त्याला मिळाले आणि बहमनी सुभेदारास नरनाळ्याच्या किल्ल्यात कोंडून घ्यावे लागले. तेव्हा दौलताबादेहून मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन बसरी हा फौज घेऊन आला. रोहिणखेडच्या घाटाशी त्याने नसीरखानाचा मोड केला, बऱ्हाणपुरापर्यंत पाठलाग करून ते शहर लुटले व जाळले, आणि त्याच साली नसीरखान मरण पावला. सासऱ्या-जावयाच्या या युद्धात ज्या कन्येसाठी तलवारी उपसल्या गेल्या तिचे पुढे काय झाले, याची काळजी तवारिखकारांनी केलेली नाही.

दुसरी लढाई दीड शतकानंतर, १५९१च्या सुमारास झाली. अहमदनगरच्या गादीवर इस्माईल नावाचा अल्पवयीन सुलतान होता व सर्व सत्ता महदवी पंथाचा सरदार जमालखान याच्या हाती होती. इस्माईलचा पिता बुऱ्हाण हा त्या वेळी मोगलांच्या आश्रयास होता. गादीवर आपला हक्क आहे म्हणून खानदेशचा राजे अलीखान याचे साह्य घेऊन तो पुत्रावर चालून आला. रोहिणखेडजवळ गाठ पडली, जमालखान मारला गेला, मुलगा पित्याच्या हाती सापडून बंदीत पडला आणि बाप तख्तावर बसला. एका गावाच्या मातीत सासऱ्याने जावयाशी आणि बापाने लेकाशी लढावे, हा योगायोग मला कितीतरी वेळ सोडीना. मशिदीजवळच्या ओट्यावर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्यास मी या लढायांविषयी विचारले. ते म्हणाले, “बुढे लोक सांगत होते भाऊ, इथं मोठी लढाई झाली म्हणून. कोन जितलं, कोन हारलं, थे काई आमाले माईत नाही.”

त्यांच्या उत्तरात उपेक्षा नव्हती, वस्तुस्थिती होती. या लढायांचा जो वृत्तान्त आज उपलब्ध आहे तो मुख्यत्वे फरिश्त्याच्या तवारिखेतला, म्हणजे अहमदनगर व विजापूरच्या दरबारांत वावरलेल्या पुरुषाने लिहिलेला आहे. बऱ्हाणपूर जळाले तेव्हा तेथील रहिवाशांस काय वाटले, नसीरखानाने आपल्या बाजूचे समर्थन कोणत्या शब्दांत केले, हे सांगणारे लेखन त्या तोडीचे उरलेले नाही. जगातील बहुतेक शेजारी-युद्धांचे असेच होते: एक बाजू लिहिते आणि दुसरी तिच्या लिहिण्यातच उरते. आणि म्हणूनच मवाबच्या बाबतीत जे घडले ते मोठे आश्चर्याचे आहे.

१८६८ साली आजच्या जॉर्डन देशातील धिबान या उजाड गावी क्लाइन नावाच्या एका मिशनरीस काळ्या दगडाची, वरच्या बाजूस गोलाकार घडविलेली, सुमारे पावणेचार फूट उंचीची एक शिळा दिसली. तीवर ३४ ओळी कोरलेल्या होत्या. शिळेचे महत्त्व युरोपीय लोकांस कळले आणि तिच्यासाठी चढाओढ सुरू झाली तेव्हा तेथील बदाऊनी टोळ्यांनी ती तापवून, वर थंड पाणी ओतून फोडली आणि तिचे तुकडे आपसांत वाटून घेतले. सुदैवाने त्यापूर्वीच क्लेर्माँ-गानो या फ्रेंच पंडिताने कागदावर तिचा ठसा घेवविला होता. त्याच्या आधारे व मिळतील ते तुकडे जुळवून शिळा पुन्हा उभी करण्यात आली व आज ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. हा लेख मवाबचा राजा मेशा याचा, ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातला आहे. बायबलातील राजांच्या दुसऱ्या पुस्तकात जो मेशा मेंढरांचे मोठे कळप पाळणारा मांडलिक म्हणून येतो, इस्राएलच्या राजास एक लक्ष कोकरे आणि एक लक्ष एडक्यांची लोकर खंडणी म्हणून देतो आणि अहाब राजा मरताच बंड करतो, तोच मेशा येथे स्वतःच्या तोंडाने बोलतो. तो म्हणतो त्याचा आशय असा की, आमचा देव कमोश आपल्या भूमीवर रुष्ट झाला होता म्हणून इस्राएलच्या अम्री राजाने मवाबास दीर्घकाळ छळले, परंतु कमोशाने आपले मुख पुन्हा आमच्याकडे वळविले. मग तो जिंकलेली नगरे मोजतो, नबो नगरातील ७,००० माणसे कमोशास अर्पण म्हणून मारल्याचे सांगतो, इस्राएलांचा देव यहोवा याची पात्रे ओढत कमोशापुढे नेल्याचे सांगतो, इस्राएली कैद्यांकडून खंदक खोदून घेतल्याचे आणि घरोघरी पाण्याची टाकी करविल्याचेही सांगतो. दोन्ही लेख समोर ठेवले म्हणजे मन थक्क होते. पराजय हा आपल्या देवाच्या कोपामुळे आणि विजय त्याच्या कृपेमुळे, हा विचार दोन्हीकडे अक्षरशः एक आहे. शत्रूची वस्ती निखालस नष्ट करून ती देवास वाहण्याची क्रूर रीतही एकच आहे. भाषासुद्धा इतकी जवळची की इब्री जाणणारास मेशाचा लेख फारशा सायासाशिवाय उमगतो. एकाच घराच्या दोन भावांनी एकमेकांविरुद्ध एकाच शैलीत दिलेल्या फिर्यादी त्या.

राजूरचा घाट चढून बुलढाण्यास आल्यावर हवा पालटते. रस्त्याच्या कडेला तोडलेल्या दरडीत दख्खनच्या लाव्ह्याचे थर एकावर एक स्पष्ट दिसतात, आणि मेशाची शिळा ज्या कृष्णवर्ण बेसाल्ट पाषाणाची आहे त्याच जातीचा पाषाण येथे पायाखाली शेकडो फूट खोल पसरलेला आहे, या विचाराने ती दूरची शिळा एकदम आप्त वाटू लागते. बुलढाण्याच्या पश्चिमेच्या डोंगरात पैनगंगा उगम पावते आणि चिखली, मेहकर या बाजूच्या पठारावरून पूर्वेस वाहत जाते. या पठारावर मुरमाड, दगडाळ जमीन पुष्कळ. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या दगड वेचून बांधावर रचीत आले आहेत आणि त्या काळ्या बांधांच्या चौकटींत ज्वारी, तूर, कापूस व अलीकडे सर्वत्र सोयाबीन उभे दिसते. मेशाचे बंड मोडण्यासाठी इस्राएलचा यहोराम, यहूदाचा यहोशाफाट आणि अदोमचा राजा असे तिघे चालून गेले तेव्हा त्यांनी मवाबच्या प्रत्येक चांगल्या शेतात दगड टाकून ते भरून काढले, विहिरी बुजविल्या आणि फळझाडे तोडली, असे वर्णन आहे. हे वाचताना पूर्वी मी ते एका ओळीत ओलांडून गेलो होतो. चिखलीच्या पुढे एका बांधावर दोन बाया पाटीभर दगड आणून ओतताना पाहिल्यावर, शेतातून दगड काढण्यास किती आयुष्ये खर्ची पडतात आणि ते पुन्हा पसरण्यास फौजेला एक दुपार पुरते, हे ध्यानात येऊन त्या ओळीचे क्रौर्य मला प्रथमच कळले.

मेहकर हे पैनगंगेच्या काठचे, अकबराच्या अमदानीत एका सरकारचे मुख्य ठाणे असलेले गाव. १८८८ साली खोदकामात सापडलेली शार्ङ्गधर बालाजीची काळ्या पाषाणाची मूर्ती इतकी उंच आणि इतकी सुघड आहे की तिच्यापुढे मनुष्य सहजच मौन धरतो. युद्धाच्या धामधुमीत कोणी तरी ती पेटीत बंद करून जमिनीत दडविली असावी असे मानतात, आणि या मुलुखाचा इतिहास पाहता ते मानण्यास हरकत दिसत नाही.

मेहकरहून लोणारला जाताना भूमी सपाटच असते. पुढे काही असेल अशी सूचना न देता ती एका ठिकाणी संपते आणि पायाखाली एकदम वर्तुळाकार, झाडीने भरलेले, सुमारे १३० मीटर खोल विवर उघडते. त्याचा व्यास १.८ किलोमीटरांच्या आसपास आहे. तळाशी हिरवट पाण्याचे सरोवर आहे. काठावर उतरलो तेव्हा क्षाराचा उग्र वास आला आणि ओल्या चिखलावर पांढरी साय धरलेली दिसली. हे विवर ज्वालामुखीचे की अन्य कशाचे यावर दीर्घकाळ वाद चालला. १९७०च्या दशकात येथील खडकांत आघाताच्या प्रचंड दाबानेच निर्माण होणारी काच आढळली आणि अशनीच्या आघाताने ते झाले हे सिद्ध झाले. बेसाल्ट खडकात अशनिपाताने झालेली अशी सुरक्षित विवरे पृथ्वीवर फार विरळ असल्यामुळे जगातील भूशास्त्रज्ञ येथे येतात. या खाऱ्या पाण्यावरून क्षारसमुद्र आठवला, पण त्याची घडण निराळी आहे. तो भूकवचाच्या भेगेत खचलेल्या द्रोणीत साठलेला असून त्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीच्या सुमारे ४३० मीटर खाली आहे, तर लोणार उंच पठारावर आहे. परंतु आकाशातून अग्नी कोसळला आणि त्या जागी खारे पाणी उरले, ही सदोमची कथा तेथे श्रद्धेचा विषय आहे आणि येथे भूशास्त्राचा सिद्धान्त आहे, याचा विस्मय वाटल्यावाचून राहिला नाही.

लोणारची स्वतःची कथाही युद्धाचीच. लवणासुर नावाचा दैत्य या विवरात भूमीखाली दडून राहून भोवतालच्या प्रजेस पीडा देत असे. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या दोन्ही बहिणी त्याच्यावर मोहित झाल्या आणि त्यांनी भावाचे गुप्त स्थान दाखविले, तेव्हा विष्णूने वरचे झाकण उडवून त्याला मारिले. विवरातले पाणी हे त्याचे रक्त आणि क्षार हे त्याचे मांस, असे लोक सांगतात. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर, त्याचे ताऱ्यासारखे कोनाकोनांचे पीठ, बाहेरील भिंतींवरील मूर्तींची दाटी आणि आतील छतावर कोरलेला लवणासुरवधाचा प्रसंग हे सारे बारकाईने पाहण्यास दिवस अपुरा पडतो. मला त्या छताखाली उभे राहून त्या दोन बहिणींचा विचार सुचला. लोटाच्या दोन मुलींपासून शत्रूचे कुळ निर्माण झाले, येथे दोन बहिणींमुळे शत्रूचे कुळ निमाले. युद्धाची कथा पुरुषांची म्हणून सांगतात, पण तिचा सांधा बहुधा घरातल्या स्त्रियांपाशी असतो.

या क्षारावर एके काळी पुष्कळांची उपजीविका होती. ‘ऐन-ए-अकबरी’त मेहकर सरकारच्या वर्णनात लोणारचा उल्लेख असून काच व साबण करण्यास लागणारी द्रव्ये येथे मिळतात आणि त्यांचा चांगला महसूल येतो, असे म्हटले आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की मजूर कमरेइतक्या पाण्यात उतरून क्षार काढीत. दल्ला, निमकदल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्याची प्रतवारी असे. रंगारी तो कापड रंगविण्यास, साबणवाले साबणास, बांगड्या करणारे काचेस आणि गृहिणी पापडखारासाठी वापरीत. कारखान्यांतला सोडा स्वस्त झाल्यावर हा धंदा बुडाला. गोड्या पाण्याची धार मात्र अद्याप अखंड वाहते. विवराच्या कडेवर धारातीर्थाच्या गोमुखातून पडणाऱ्या त्या शुद्ध पाण्यात यात्रेकरू स्नान करतात, आणि तेथून काही पावले खाली उतरले की जीभ न लावता येणारे खारे पाणी लागते.

२०२० सालच्या जून महिन्यात हे सरोवर एकाएकी गुलाबी-तांबडे झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी पाण्याचे नमुने तपासून निष्कर्ष काढला की पाणी आटून क्षारता वाढल्यामुळे क्षारप्रिय सूक्ष्मजीवांची संख्या वाढली व त्यांच्यातील रंगद्रव्याने हा रंग आला होता. पावसानंतर तो ओसरला. काठावर भेटलेल्या एका बाईंनी सांगितले की त्या दिवसांत घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी लवणासुराच्या रक्ताची आठवण काढली होती. मला मवाबच्या स्वारीतला तो प्रसंग आठवला: तिन्ही राजांची फौज अदोमच्या रानात सात दिवस फिरून पाण्यावाचून व्याकूळ झाली, अलीशा संदेष्ट्याच्या सांगण्यावरून ओढ्याच्या कोरड्या पात्रात खड्डे खोदले गेले, सकाळी पाऊस न पडताच ते पाण्याने भरले, आणि पलीकडून मवाबी सैनिकांनी पाहिले तो उगवत्या सूर्याच्या प्रभेत ते पाणी रक्तासारखे तांबडे दिसले. राजे आपसांत लढून मेले असे समजून मवाबी लूट करण्यास धावले आणि तलवारींच्या तोंडी सापडले. शत्रूच्या छावणीतल्या पाण्यात रक्तच दिसावे, ही मनाची तयारी आधीच झालेली होती. पुढे मवाबच्या कीर-हरेसेथ नगराच्या वेढ्यात मेशाने आपल्या ज्येष्ठ पुत्राचा तटावर होम केला, इस्राएलांवर मोठा कोप झाला आणि ते परत फिरले, एवढेच सांगून बायबलातील तो अध्याय अकस्मात संपतो. विजय मिळत असता फौज का परतली, याचा उलगडा तेथे नाही. मेशाची शिळा आपल्या विजयांची यादी देते आणि त्या पुत्राविषयी मौन पाळते. आपले सर्वांत मोठे दुःख दोन्ही बाजूंनी लेखाबाहेर ठेविले आहे.

लोणारहून सिंदखेडच्या बाजूस वळताना साखरखेर्डा लागतो. येथे ११ ऑक्टोबर १७२४ रोजी निजाम-उल्-मुल्काने हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान याचा पराभव करून त्याला ठार केले. दोघेही मोगल बादशहाचेच चाकर, दोघांच्याही सनदा दिल्लीच्याच, आणि मुबारिझखानास उठविणारा बादशहा महंमदशहाच होता. बाजीराव पेशवा या लढाईत निजामाच्या बाजूने होता व चारच वर्षांनी पालखेड येथे त्याच निजामास त्याने कोंडीत धरले. विजयाच्या स्मरणार्थ निजामाने गावास फतेहखेर्डा असे नाव दिले आणि आसफजाही राज्याचा पाया येथे घातला गेला. सव्वादोनशे वर्षांच्या त्या राज्याचा आरंभ ज्या शिवारात झाला त्यात आज सोयाबीनच्या रांगा आहेत आणि गावास लोक साखरखेर्डाच म्हणतात.

सिंदखेड राजास पोचलो तेव्हा या सर्व प्रवासाचा धागा हाती आल्यासारखे झाले. लखुजी जाधवरावांचा वाडा, त्याचे भव्य महाद्वार, रंगमहाल, दगडी बांधाचा मोती तलाव आणि गावाबाहेरची लखुजींची विस्तीर्ण समाधी पाहिली म्हणजे निजामशाहीतील हे घराणे केवढे मातबर होते ते कळते. याच वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाबाईंचा जन्म झाला. रंगपंचमीच्या उत्सवात लहानग्या जिजाऊ व शहाजी परस्परांवर रंग उडवीत असता लखुजी सहज जोडा शोभतो म्हणाले, मालोजी भोसल्यांनी ते वचन धरून सोयरीक झाल्याचे सभेस जाहीर केले आणि त्यावरून दोन्ही घरांत तेढ पडली, अशी बखरींची कथा आहे. कथेचा भाग सोडला तरी विवाहानंतरचे वैर खरे आहे. निजामशाही दरबार आटोपून सरदार बाहेर पडत असता खंडागळे सरदाराचा हत्ती बिथरला, त्याला आवरण्याच्या गर्दीत जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले, लखुजींचा पुत्र दत्ताजी मारला गेला, लखुजींनी परत येऊन शहाजीराजांच्या चुलतभावास, संभाजीस, ठार केले आणि स्वतः शहाजीराजेही जखमी झाले. जिजाबाईंचा भाऊ सासरच्या माणसाच्या हातून पडला, दीर माहेरच्या तलवारीने पडला आणि पती पित्याच्या शस्त्राने घायाळ झाला.

रूथची कथा येथे आठवल्यावाचून कशी राहील? बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून एक इस्राएली कुटुंब शत्रूच्या, म्हणजे मवाबच्या मुलुखात जगण्यासाठी गेले. तेथे मुलांनी मवाबी बायका केल्या, पुढे पुरुष सर्व वारले, आणि सासू नामी परत निघाली तेव्हा सून रूथ तिला सोडीना. सासूबरोबर ती परक्या गावी आली, जवाच्या हंगामात बवाजाच्या शेतात मजुरांमागून सरवा वेचून दोघींचे पोट भरू लागली आणि शेवटी त्याच बवाजाची पत्नी झाली. त्यांचा पुत्र ओबेद, त्याचा इशाय, आणि इशायाचा दावीद. मवाबी मनुष्याने दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये, असा निर्बंध ज्या नियमशास्त्रात आहे त्याच ग्रंथसंग्रहात इस्राएलचा सर्वश्रेष्ठ राजा मवाबी स्त्रीच्या चौथ्या पिढीत जन्मल्याची नोंद जपून ठेविलेली आहे. ज्यांनी ती पुसली नाही त्यांच्याविषयी मला अपार आदर वाटतो. दावीदाने आपले आईबाप मवाबच्या राजापाशी का ठेविले याचे उत्तरही त्या नोंदीत आहे: ते पणजीचे माहेर होते. आपल्या कोकणातील बेने इस्राएल लोकांनी बायबलातील आख्याने मराठी कीर्तनांतून गायिली. हे शेजारवैर आणि हे माहेर त्यांना मराठीतून गावेसे वाटले यात नवल नाही, कारण या भाषेला ते दोन्ही फार जुने परिचित आहे.

२५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या दरबारात निजामशहाने लखुजी जाधव, त्यांचे पुत्र अचलोजी व रघोजी आणि नातू यशवंतराव यांचा दगा करून वध करविला. त्या वेळी जिजाबाई गर्भवती होत्या, आणि सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. पित्याच्या आणि भावांच्या मृत्यूचे सुतक अंगावर असताना, ज्या घराशी माहेरचे रक्ताचे वैर झाले होते त्याच घराचा वंश त्यांनी वाढविला. सिंदखेडची समाधी पाहताना मी लखुजींपेक्षा या कन्येचाच विचार अधिक करीत होतो. तिच्या मनात माहेर व सासर यांची फिर्याद कशी लागली असेल, तिचा निवाडा तिने कसा केला असेल, हे कोणत्याही बखरीत नाही.

निवाडा काळाने केला तो असा. लखुजींच्या वधानंतर सिंदखेडचे उरलेले जाधव मोगलांच्या आश्रयास गेले, त्यांस मनसबी मिळाल्या आणि जिजाबाईंचा पुत्र ज्या बादशाहीशी जन्मभर लढला तिच्या चाकरीत त्यांच्या पिढ्या गेल्या. त्याच जाधवकुळातील धनाजी मात्र भोसल्यांच्या गादीचे सेनापती झाले आणि औरंगजेबाच्या अखेरच्या वर्षांत मोगल छावण्यांना त्यांच्या नावाचा धाक होता. धनाजींचे पुत्र चंद्रसेन शाहू महाराजांशी बिघडून १७११ साली मोगलांकडे वळले व पुढे निजामाचे मोठे सरदार झाले. दरवर्षी १२ जानेवारीस जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून लोक सिंदखेडास येतात, त्यांत जाधवही असतात आणि भोसलेही असतात.